जास्तीचं असेल तर

४ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! सामान म्हणजे काय, दोन पिशव्या, एक ट्रंक, माझी उशीची खुर्ची आणि मी. लेक म्हणाला, आई, ट्रंक तुझ्यापेक्षा जड आहे पण निदान वाटेत बोलत तरी नाही. मी म्हटलं, ट्रंकेने तुला लहानाचा मोठा केला असता म्हणजे तीही बोलली असती. ड्रायव्हर हसून हसून चुकीच्या गल्लीत शिरला.

भिंगरीने ही वही दिली. भिंगरी म्हणजे माझी नात, सहा वर्षांची. शाळेतलं नाव चांगलं भारदस्त आहे, पण पोर एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून मी भिंगरीच म्हणते. तिच्या बाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहाव्यात. मग तिने मलाही कामाला लावलं. मी म्हटलं, अगं, चौथीत शाळा सुटली माझी, त्यानंतर पेन धरलं ते सह्या करायला. तर म्हणते, चुकलं तर मी लाल पेनाने खूण करीन, घाबरू नकोस. आता घाबरून कसं चालेल?

घर छान आहे. पुढून चिंचोळं, आत शिरलं की लांबच लांब. मला स्वयंपाकघराशेजारची खोली दिलीय. संध्याकाळपर्यंत पलंगावर ऊन असतं आणि पडल्या पडल्या काय शिजतंय ते नाकाला कळतं, आणखी काय पाहिजे? या खोलीत आधी इस्त्रीचं टेबल आणि लेकाची सायकल होती. ती आता जिन्याखाली आलीय आणि येता-जाता सगळ्यांच्या नडगीला लागते. सूनबाईच्या लागली तेव्हा ती तोंडातल्या तोंडात काही बोलली. मी ऐकलं नाही. ऐकायचं नसलं की मला ऐकू येत नाही, हा वयाचा फायदा आहे.

लेक लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणतो, दिवसभर वर-खाली करतो आणि आहे तिथेच आहे. सूनबाई दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसते आणि लोकांना वेळा देते. आवाज असा गोड काढते की दाढ काढून घ्यावीशी वाटेल. घरी आली की तो आवाज पर्सबरोबर खुंटीला अडकवते. पण मनाची चांगली आहे. माझ्या पलंगावर नवी चादर घातली होती, न सांगता.

आणि हो, जोडखोली! त्याचं उद्या लिहीन. हात दुखला.

६ फेब्रुवारी

उद्या म्हटलं आणि परवा उजाडलं. भिंगरीने वहीवर लाल फुली मारली.

तर जोडखोली. घराला चिकटून पूर्वी गॅरेज होतं. गाडी विकली, मग तिथे पलंग, दोन खुर्च्या, छोटी शेगडी, न्हाणी, खिडकीला पडदे असं सगळं केलं, आणि सुट्टीवर फिरायला आलेल्या लोकांना दोन-चार दिवसांसाठी देतात. सगळं मोबाइलवर ठरतं. गल्लीच्या बाजूला त्यांचं दार, त्याला किल्लीची डबी, आकडे जुळवले की उघडते. घराच्या बाजूलाही एक दार आहे, न्हाणीघराच्या बोळात, पण त्याची कडी आपल्या बाजूने. पूर्वी लोक नातेवाइकांकडे फुकट उतरायचे आणि माघारी गेल्यावर नावं ठेवायचे. आता पैसे देऊन उतरतात आणि जायच्या आधीच नावं ठेवतात, तीही मोबाइलवर, सगळ्या जगाला दिसतील अशी. एकाने लिहिलं होतं, पक्षी फार लवकर उठतात. त्यावर सूनबाईने गोड आवाजात उत्तर लिहिलं, आम्ही त्यांच्याशी बोलतो.

दोघं कामावर गेल्यावर ती खोली आता मी बघते. लेक म्हणत होता, आई, तू आराम कर. मी म्हटलं, आराम वर गेल्यावर आहेच. खरं सांगायचं तर मला आपलं घरात काहीतरी काम हवं. नुसतं बसून खाणारं माणूस कितीही आवडतं असलं तरी सायकलसारखं नडगीला लागतं.

काम सोपं नाही हं. पाहुणा गेला की चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल सगळं उतरवायचं. न्हाणीच्या जाळीतले केस काढायचे. पलंगाखाली, गादीखाली, कपाटामागे हात घालून बघायचं. एक मोजा सापडतोच, दोन कधीच सापडत नाहीत. आरसा पुसायचा, नळाच्या तोटीवरचे बोटांचे ठसेसुद्धा. आधी इथे कुणी होतं असं पुढच्याला वाटता कामा नये, हे सूनबाईचं म्हणणं. तिथल्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्याला निळ्या दोऱ्याचा एक टाका घातलाय. का, तर घरातलं आणि खोलीतलं मिसळू नये म्हणून. लाँड्रीवालासुद्धा दोन गठ्ठे वेगळे देतो. तो म्हणाला, तुमच्या सूनबाई एक दिवस मलाही टाका घालतील.

सूनबाईचा नियम एकच. पाहुण्यांनी मागितलं तर खोलीतलं द्यायचं, घरातलं नाही. खोलीतलं खोलीत, घरातलं घरात. मी मान डोलावली. पण माझं तोंड तिला अजून माहीत नाही. कुणी काही मागितलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, अहो, त्यात काय! हे होते तेव्हा चिडवायचे, तुला कुणी किडनी मागितली तरी म्हणशील त्यात काय, दुसरी आहे की.

आज एक जोडपं गेलं. त्यांनी तवा शांपूने धुतला होता. अजून फेस येतोय.

१२ फेब्रुवारी

आज नवी पाहुणी आली. एकटीच बाई, माझ्याच वयाची. मला इतका आनंद झाला! आतापर्यंत सगळे तरुण, कानात बोंडं घातलेले. मी नमस्कार केला तरी त्यांना कळायचं नाही.

ही किल्लीच्या डबीशी उभीच होती. म्हणाली, आकडे विसरले. मी उघडून दिलं आणि तिची बॅग उचलून आत ठेवली. उचलताना जोर लावला तर बॅग हातात अशी वर आली, फुलासारखी. रिकामी असावी. मनात म्हटलं, माणसाची काय अडचण असेल कोण जाणे.

दिसायला अगदी साधी. चेहरा असा की आत्ता पाहिला आणि आत्ता विसरले, लिहायला बसले तर नाक कसं होतं ते आठवेना. बोलते मात्र फार गोड. म्हणाली, इथे गारवा आहे, जास्तीचं काही अंगावर घ्यायला असेल तर. असेल तरच हं. मी खोलीतलं पांघरूण दाखवलं. तिने हात फिरवला आणि म्हणाली, याला कुणाचा वास नाही.

ते मला इतकं पटलं! खरंच, परकं पांघरूण कितीही जाड असलं तरी ऊब येत नाही. मी धावत गेले आणि माझी तपकिरी शाल आणून दिली. ह्यांनी आणलेली, काठ उसवलेली, पण काय ऊबदार! म्हटलं, अहो, त्यात काय, माझ्याकडे स्वेटर आहे. तिने शाल नाकाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच उभी राहिली.

सूनबाईला सांगितलं नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न.

१४ फेब्रुवारी

पाहुणीने मुक्काम लांबवलाय. सूनबाई खूश. म्हणते, अशी माणसं पाहिजेत, आवाज नाही, कचरा नाही, तक्रार नाही. तिने किंवा लेकाने तिला अजून पाहिलेलंही नाही, दोघं जातात तेव्हा तिचे पडदे बंद असतात. मी मात्र रोज दुपारी जाऊन बसते. किती दिवसांनी कुणी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतंय! मी सगळं सांगितलं, ह्यांचं आजारपण, लेक पाण्याच्या टाकीवरून पडला ते, माझी बाळंतपणं. ती मध्येच विचारते, मग तेव्हा तुम्ही काय म्हणालात? कशा म्हणालात, म्हणून दाखवा ना.

काल तिने विचारलं, त्या पांढऱ्या कपात चहा लागत नाही, जास्तीचा एखादा आहे का? माझा कान तुटलेला मोठा कप दिला. आज म्हणाली, या खुर्च्या पाठीला लागतात. मग जेवणघरातली माझी खुर्ची दिली, उशी बांधलेली. बोळातून ढकलत नेली. भिंगरी मागून ढकलत होती आणि रेल्वेसारखी शिट्टी वाजवत होती. भिंगरीला ती बाई फार आवडली. पाहुणेआजी म्हणते तिला.

घरातलं घरात, माहीत आहे मला. पण माझंच दिलं ना, दुसऱ्या कुणाचं तर नाही?

१५ फेब्रुवारी

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणते.

संध्याकाळी सूनबाईने चहा केला आणि तीनच कप भरले, भिंगरीच्या दुधाचा धरून. मी समोर बसलेली. मी हसत म्हटलं, मला उपास घडवतेस का गं? ती इतकी ओशाळली! म्हणाली, आई, खरंच, डोक्यातूनच गेलं, तुमचा कप समोर दिसला नाही ना. दवाखान्यात आज फार गर्दी होती. मी म्हटलं, अगं, त्यात काय.

जेवताना टेबलाशी तीन खुर्च्या. लेकाने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, आई, तू नेहमी आधी जेवून घेतेस ना? मी आल्यापासून एकदाही आधी जेवले नाहीये. मी स्टूल ओढून बसले. स्टूल उंच आहे. सगळ्यांच्या डोक्यावरून बघत जेवले, लग्नातल्या पंगतीवर देखरेख करणाऱ्या मामासारखी.

हसले मी. सगळे हसले. पाय मात्र जमिनीला टेकले नाहीत.

१७ फेब्रुवारी

दोरीवर माझी शाल वाळत होती. पाहुणीने धुतली असेल म्हणून मी काढून घेतली. तर सूनबाई म्हणाली, आई, ती खोलीतली आहे, तिकडच्या गठ्ठ्यात टाका.

मी म्हटलं, माझीच आहे, तुझ्या सासऱ्यांनी आणलेली. तिने कोपरा उलटून दाखवला. निळा टाका. जुना, धुऊन धुऊन फिका पडलेला.

मी वाद घातला. आयुष्यात पहिल्यांदा सुनेशी वाद, तोही एका शालीवरून. ती चिडली नाही, तेच वाईट. तिने मोबाइल काढला आणि खोलीचा फोटो दाखवला, लोकांना दाखवायला टाकलेला, गेल्या वर्षीचा. पलंगावर पायाशी घडी घातलेली माझी तपकिरी शाल. काठ उसवलेला. खिडकीशी माझी खुर्ची, उशीसकट. तिच्यावर माझा कप.

गेल्या वर्षी हे सगळं माझ्याकडे होतं, माझ्या जुन्या घरात. मी त्या खुर्चीवर बसून त्या कपात चहा प्यायले आहे.

सूनबाईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. लेकाशी हळू आवाजात बोलली. या वयात होतं असं, नवी जागा आहे, असलं काही. या वेळी मला सगळं ऐकू आलं.

१८ फेब्रुवारी

दुपारी ठरवून गेले, की वस्तू परत मागायच्या. गोडीत. पाहुणी माझ्या खुर्चीत बसली होती, शाल पांघरून. आणि तिला नाक होतं. म्हणजे आज मला तिचा चेहरा नीट दिसला, लक्षात राहिला. कुणासारखा तरी आहे. कपाळ तर फारच ओळखीचं.

मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, भिंगरी सांगत होती तुम्ही उंटाची गोष्ट फार छान सांगता. मलाही सांगा ना. नुसती ऐकते.

गोष्टीने काय होतंय, मला वाटलं. गोष्ट काही खुर्ची नाही. सांगितली तरी आपल्याकडे राहतेच. माझी स्वतःची गोष्ट आहे ती, लेकासाठी रचलेली, तो जेवत नसे तेव्हा. सगळी सांगितली, आवाज काढून. ती बरोबर ओठ हलवत होती.

संध्याकाळी भिंगरी मांडीवर आली. गोष्ट सांग. मी सुरुवात केली, एक होता उंट, त्याला

त्याला काय? पुढे काहीच नाही. विहिरीत बादली सोडावी आणि खडखडाट ऐकू यावा तसं. भिंगरीने वाट पाहिली. मग मांडीवरून उतरली आणि म्हणाली, राहू दे, आजी, पाहुणेआजी सांगते मला. ती तुझ्यापेक्षा चांगले आवाज काढते.

वस्तू गेल्या तर गेल्या. कपाचं काय मोठं? पण ही पोर माझ्या मांडीवरून अशी उतरून गेली आणि मांडी गार पडली, ती अजून गारच आहे.

आता काही द्यायचं नाही. काहीही नाही.

१९ फेब्रुवारी

लेकाला सांगितलं. सगळं. तो जिन्याखाली सायकलची साखळी बसवत होता, हात काळे. ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, आई, अगं ती बिचारी एकटी म्हातारी आहे, तुझ्याकडून कप घेतला म्हणून काय भूत झाली? तीन दिवसांनी जाईल. मग मला हसवायला म्हणाला, गेली की तिने काय काय नेलं ते तिची बॅग उघडून बघू, तुझी कवळी सापडली तर लगेच कळवतो.

मी म्हटलं, तू तरी सांग, ती शाल कुणाची होती?

तो थांबला. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. माझं पोर आहे, मला कळतं. मग म्हणाला, खोलीतलीच ना ती?

भिंगरी शाळेतून आली की थेट बोळाकडे धावते. आज दाराशी आडवी उभी राहिले. म्हटलं, तिथे जायचं नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू शेजारच्या बाईने उगाच दटावलं. कडीला तिचा हात पुरत नाही, हे एक बरं. मी वर सरकवून ठेवली, घट्ट.

दाराच्या पलीकडून खोकला आला. मी खोकते तसा. आधी एक, मग थांबून दोन.

२० फेब्रुवारी

घरात कुणी नव्हतं. गल्लीच्या दाराने गेले. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले. म्हटलं, बाई, मला माझ्या वस्तू द्या. आणि तुम्ही निघा.

तिला राग आला नाही. तिने शालीचा पदर सारखा केला. आणि मला कळलं ते कपाळ कुणाचं. रोज आरशात बघते मी ते, तिथले केस मागे सारताना.

हळूच म्हणाली, एक विचारू? रागावू नका. त्या घरात तुम्ही जास्तीच्या आहात का हो?

सायकल आठवली. तीन कप आठवले. इतके दिवस मी हे स्वतःला विचारलं नव्हतं आणि हिने असं विचारलं, मीठ आहे का विचारावं तसं.

मग म्हणाली, फार नाही, जरा वेळ तुमच्या खोलीत उन्हात पडते. इकडे ऊन येतच नाही. तोवर तुम्ही इथे बसा. खुर्ची तुमचीच आहे.

मी नाही म्हणणार होते. देवाशपथ नाही म्हणणार होते. पण तोंडाला सवय. पन्नास-साठ वर्षांची सवय. माझं मन नाही नाही म्हणत होतं आणि माझं तोंड म्हणालं, अहो, त्यात काय.

ती माझ्या अंगाला घासून बाहेर पडली. तिच्या गाऊनला घरातल्या साबणाचा वास होता.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

बोळातलं दार लागलंय. कडी पलीकडून. मी ठोठावलं.

सूनबाईने उघडलं. फटीएवढंच. आणि तिने तो दवाखान्यातला आवाज काढला. काही हवं होतं का तुम्हाला? टॉवेल देऊ का जास्तीचे?

मी म्हटलं, अगं मी आहे. अगं सूनबाई, मी.

ती हसली. तशी, पर्सबरोबर खुंटीला अडकवते तशी. म्हणाली, काही लागलं तर मोबाइलवर कळवा ना, या दारानं नको, सासूबाई झोपल्यात.

दार लागलं.

तिच्या मागे, खोलीच्या उघड्या दारातून दिसलं, माझ्या पलंगावर कुणीतरी कुशीवर वळलं. ऊन होतं अजून. पलंगावर छान ऊन होतं.

२१ फेब्रुवारी

लेकाला गल्लीत गाठलं. हात धरला त्याचा. त्याने हळूच सोडवून घेतला. म्हणाला, अहो, सावकाश, पडाल.

अहो.

मला. मी ज्याला — माझ्या लेकाने मला अहो म्हटलं. जन्मल्यापासून तू-तडाक करणारं पोर.

मी म्हटलं, तुझ्या उजव्या गुडघ्याला खूण आहे, पाण्याच्या टाकीवरून पडलास तेव्हाची, मी तुला उचलून पळत नेलं, अनवाणी. त्याचा चेहरा पडला. एक क्षण, अगदी एकच, तो माझ्याकडे बघायला लागला. खरोखर. डोळ्यांत काहीतरी हललं.

तेवढ्यात घरातून हाक आली. ए गाढवा, चहा गार होतोय. माझा आवाज. माझीच शिवी.

तो म्हणाला, आलो, आई. मला म्हणाला, तुम्हाला कुणाला फोन करायचा आहे का? घरच्या कुणाला? उद्या तुमचा मुक्काम संपतो ना, गाडी बोलावून देऊ?

आईला आमच्या सांगायची सवय आहे सगळ्यांना सगळं, असंही म्हणाला. माफ करा.

२१ —

आरशात बघितलं. पुसलेला आहे. मीच पुसला होता. त्यात पडदा दिसतो, पलंग दिसतो. मी आहे, पण बघून मान वळवली की — कसं होतं नाक?

गाऊनच्या शिवणीला हात लागला. टाका. निळा.

सगळे बोळ, सगळे कोपरे आठवतात, पण गोष्ट नाही. ह्यांचं नाव — ते मी तिला सांगितलं होतं का? सांगितलं असणार. आठवत नाही.

ही वही गाऊनच्या खिशात होती, पेनसकट, म्हणून राहिली. तिने ही मागितली नाही. मागितली असती तर दिली असती.

२२ फेब्रुवारी

कळलं मला. ती कुठून आली ते कळलं. कुठल्यातरी घरात तीही अशीच, त्यात काय म्हणत देणारी. कुणीतरी तिच्याकडे मागितलं असणार. मग ती रिकामी बॅग घेऊन निघाली.

आता बॅग माझी. पलंगाशी ठेवलीय कुणी. सूनबाई येऊन चादर उतरवेल. ठसे पुसेल.

परत जायची वाट एकच आहे. मागायचं. घरातलं कुणाचं तरी काहीतरी, थोडं थोडं. सूनबाई देणार नाही, ती शहाणी. लेक देणार नाही. देणारी एकच आहे त्या घरात. माझ्यावर गेलीय.

नाही. नाही नाही नाही. त्यापेक्षा मी बॅग उचलते. गल्लीच्या टोकाला जाते आणि पुढे — पुढे कुठेतरी. तिच्याकडून चिंधीसुद्धा नको. तिचं काही घेतलं तर उद्या टेबलाशी तिची खुर्ची — तिला कोण हाक मारणार —

निघते.

२२ —

ती खिडकीशी आली. शाळेच्या गणवेशात. टाचा उंच करून. काचेवर नाक चपटं.

म्हणते, पाहुणेआजी, तुम्ही रडताय का?

मी तोंडावर हात ठेवलाय. डाव्या हाताने दाबून. उजव्याने लिहितेय. लिहीत राहिले की बोलता येत नाही.

जा, भिंगरी. आत जा.

म्हणते, तुम्हाला काय पाहिजे? माझ्याकडे खूप आहे. रंग आहेत. बाहुली आहे. तुम्हाला बाहुली देऊ?

नको. मान हलवली. नको, बाळा.

ती गल्लीच्या दाराशी आली. किल्लीची डबी. आकडे तिला येतात, मीच शिकवले. एक फिरला. दुसरा.

दार उघडलं. इथे उभी आहे. हातभर अंतरावर. केस विस्कटलेत, कुणी वेणी नीट घातली नाही आज. तेलाचा, खोडरबराचा वास. म्हणते, काहीतरी घ्याच, मी आजीला सांगणार नाही.

मी काही मागणार नाही. रंग नको. बाहुली नको. गोष्ट नको, मांडी नको. काहीच नको मला —

हात घसरतोय तोंडावरून —

एवढंच. हे काही वस्तू नाही. हे घेतलं तरी तिच्याकडे राहील. राहील ना? फक्त एकदा, भिंगरी, एकदाच, मला आजी म्ह